कुंडात सोडलेला रंग

"…मग मठाला कोणता रंग देऊ, बुवा?"

भिकाजीबुवा ओटीवर सूप घेऊन बसले होते. दुपारच्या पंगतीचे तांदूळ निवडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"बाकीच्यांना दिलास?"

"सगळ्यांना दिला. अख्खा तालुका रंगवून झाला. एवढा एक ठिपका राहिलाय."

शाल्मली तिरोडकरने नकाशा ओटीवर पसरला आणि वाऱ्याने उडू नये म्हणून कोपऱ्यांवर खडे ठेवले. लाल, पिवळा आणि हिरवा. डोंगर, खाड्या, वाड्या, सगळं रंगाने भरलेलं होतं. धामणसड्यावर मात्र, डोंगरमाथ्यावरच्या ज्या सपाट कातळावर मठ होता तिथे, मसुराच्या डाळीएवढी जागा कोरी होती.

शाल्मली याच मठात वाढली. आई मठाच्या स्वयंपाकघरात असे आणि पोर बुवांच्या पाटीवर. बुवांनीच तिला अक्षरं शिकवली, बुवांनीच पुढे कॉलेजात धाडलं. आता ती जमिनीखालच्या पाण्याची जाणकार होऊन सरकारी जीपमधून परत आली होती. अंगात थोडी ऐट होती. असायला हरकतही नव्हती. असा नकाशा या भागात आजवर कोणी केला नव्हता, आणि ही गोष्ट ती भेटेल त्याला सांगत होती.

"लाल म्हणजे काय?" बुवांनी विचारलं.

"लाल म्हणजे वर सांडलं की खाली पाण्यात पोचलं. जमीन काही अडवत नाही. हिरवं म्हणजे मातीचा थर जाड आहे, पाणी मुरत मुरत, गाळून निघत खाली जातं. पिवळं म्हणजे मधलं."

"आणि याचं करायचं काय?"

"उद्या तालुक्याला बैठक आहे. लाल जागी कचरा टाकायचा नाही, कारखाना काढायचा नाही, शोषखड्ड्यांचे संडास बांधायचे नाहीत. मोठी इमारत तर नाहीच. हिरव्या जागी परवानगी. पुढची सगळी बांधकामं या नकाशावर ठरणार आहेत, बुवा. माझ्या नकाशावर."

बुवांनी एक खडा वेचून अंगणात टाकला.

"मग हा ठिपका कोरा का?"

मठाचे कारभारी शांताराम गावकर खांबाला टेकून ऐकत होते. आनंद झाला की गावकर भांडल्यासारखे बोलत, आणि काळजी वाटली तरी भांडल्यासारखेच बोलत. त्यामुळे त्यांच्याकडे बघून काही कळायची सोय नव्हती.

"ह्येच्यात इचारूचा काय?" ते म्हणाले. "हिरवो दी नि मोकळी हो. इमारतीचे कागद तालुक्याक पोचले. कोनशिला येऊन बसली. आता रंगासाठी आडतला?"

कोनशिला खरंच ओटीच्या कडेला भिंतीशी टेकून उभी होती. मार्गशीर्षातल्या उत्सवाला सड्यावर माणसांचा पूर येई आणि ती सगळी माणसं ताडपत्रीखाली, उघड्या कातळावर झोपत. म्हातारी माणसं थंडीने कुडकुडत. बुवांनी आयुष्यात स्वतःसाठी काही मागितलं नाही. मागितलं ते एवढंच, की आलेल्या माणसाच्या डोक्यावर छप्पर असावं. त्यासाठी हे भक्तनिवास. ओळीने खोल्या, मागे ओळीने संडास. बुवा त्याबद्दल बोलायला लागले की त्यांचं वय उतरत असे.

हे शाल्मलीला ठाऊक होतं. म्हणून तर ठिपका कोरा होता.

"तुझा हिशेब काय म्हणतो?" बुवांनी विचारलं.

"हिशेब काठावर येतो. सड्यावर माती बोटभर, म्हणून लालकडे झुकतो. पाणी मात्र खूप खोल, थेट डोंगराच्या पायथ्याला, म्हणून हिरव्याकडे झुकतो. मी जरासं इकडे ढकललं तर इकडे, तिकडे ढकललं तर तिकडे. कोणी हरकत घेणार नाही. कोणाला कळणारसुद्धा नाही."

"अशा काठावरच्या जागा आणखी होत्या?"

"होत्या ना."

"तिथे काय केलंस?"

"तिथे मी पाण्यालाच विचारलं."

बुवांनी आता मान वर केली. त्यांच्या डोळ्यांत एकदम गंमत आली. "पाणी सांगतं?"

"सांगतं!" शाल्मली खुलली. हा तिचा आवडीचा विषय. "माझ्याकडे एक रंग आहे. पूड आहे, डबीत लालसर दिसते. पाण्यात पडली की पोपटी होते, अशी झगझगीत, की लपूच शकत नाही. पोटात गेली तरी काही होत नाही. वर जिथे पाणी जिरतं तिथे ती सोडायची आणि खालच्या झऱ्यावर वाट बघत बसायचं. रंग आला तर वाट मोकळी. नाही आला तर जमीन राखण करते आहे."

"मग इथे का नाही विचारलंस?"

शाल्मली जे मनात होतं तेच बोलली.

"तीर्थाची कोणी परीक्षा घेतं का, बुवा?"

बुवांनी सूप खाली ठेवलं.

"घेऊन बघ."

मठाच्या मागे, जांभ्या दगडाच्या कातळात एक कुंड होतं. कुंड म्हणायचं एवढंच. पाणी साठायचं नाव नाही. तळाशी माणसाचा खांदा जाईल एवढं भोक, आणि ओताल ते घटाघट पिऊन टाकणारं. मठाचे मूळपुरुष तिथे बसत. त्यांनी एकदा हातातली काठी या भोकात सोडली आणि ती डोंगराच्या पायथ्याशी, खालच्या वाडीच्या झऱ्यात निघाली, असं सगळा मुलूख सांगे. तेव्हापासून दर गुरुवारी गादीवरच्या बुवांचे पाय या कुंडावर धुतात. ते पाणी आत जातं आणि खाली तीर्थ होऊन निघतं. वाडी तेच पाणी पिते. दुसरं पाणी वाडीला नाहीच.

शाल्मलीने ही गोष्ट लहानपणी मनापासून मानली होती आणि कॉलेजात गेल्यावर मनापासून सोडून दिली होती. दगडातून पाणी असं धावत नाही, ते तिने पुस्तकात वाचलं होतं आणि परीक्षेत लिहिलं होतं. मुरायला महिने जातात. तेव्हा तिचा अंदाज साधा होता. रंग येणार नाही. बैठकीत ती छातीठोकपणे सांगेल की आपण विचारून पाहिलं, पाण्याने उत्तर दिलं नाही. ठिपका हिरवा होईल, आणि तोही स्वच्छ मनाने.

गावकरांचा अंदाज अगदी उलटा होता. रंग येणार म्हणजे येणार. मूळपुरुषांची काठी गेली ती वाट काय बुजणार आहे? आणि रंग आला की मग पेपरात छापून येणार, की अमुक मठाचं तीर्थ शास्त्राने सिद्ध झालं. उत्सवाला मग उभं राहायला जागा उरायची नाही. रंग आला तर ठिपका लाल होईल, एवढी बारीक गोष्ट गावकरांच्या ध्यानातच आली नाही.

दोघांचे अंदाज परस्परांच्या विरुद्ध होते आणि दोघंही खुशीत होती.

बातमी पसरायला काय लागतं? शाल्मली जीपमधून डबी घेऊन येईपर्यंत कुंडाभोवती माणसं गोळा झाली होती. पंगतीला आलेले पाहुणे होते, भाजी चिरणाऱ्या बायका विळ्या टाकून आल्या होत्या, गुरवाने येताना शंखही आणला होता. भाद्रपदाचे दिवस, कातळ अजून ओला, सड्यावर तेरडा फुललेला. कोणाला काय चाललंय ते नीट माहीत नव्हतं, पण काहीतरी चाललंय याचा आनंद सगळ्यांना झाला होता.

"मागून पाणी हवं," शाल्मली म्हणाली. "भरपूर. रंग आत ढकलायला."

झालं. मठाच्या टाकीपासून कुंडापर्यंत माणसांची रांग लागली. कळशा, बादल्या, पंगतीची पातेली हातोहात सरकू लागली. कोणीतरी भजन सुरू केलं. दुसऱ्याने ते वरच्या पट्टीत नेलं, आणि मग ते खाली आणणं कोणालाच जमेना.

शाल्मलीने डबी बुवांच्या हातात दिली. "तुम्हीच सोडा."

बुवांनी ती भोकावर उपडी केली. लालसर पूड पाण्यात पडली आणि एकदम पेटल्यासारखी पोपटी झाली. बघणाऱ्यांच्या तोंडून नुसता हुंकार निघाला. मग मागून पाण्याची कळशी आली, तिच्यामागून दुसरी, आणि तो झगझगीत पोपटी रंग गिरकी घेत अंधारात गेला.

"आता?" बुवांनी विचारलं.

"आता वाट बघायची. झऱ्यात मी कोळशाची पुरचुंडी बांधून ठेवीन, तो रंग धरून ठेवतो. महिन्याने येऊन बघेन. नकाशाला तेवढा वेळ नाही, पण आज संध्याकाळपर्यंत काही दिसलं नाही तर हिरवा लिहायला माझी हरकत नाही."

"महिनो कित्याक?" गावकर पायऱ्यांकडे निघालेही होते. "मी आताच बसतंय झऱ्यार."

मग काय, सगळा घोळका त्यांच्यामागे डोंगर उतरायला लागला. शाल्मली हसली, डोक्याला हात लावला आणि स्वतःही निघाली. उतरताना तिला वाटलं, आपण लहानपणी अशाच उड्या मारत उतरत होतो. तिने दोन-तीन पायऱ्या सोडून उडी मारलीसुद्धा.

बुवा मागे कुंडापाशीच बसून राहिले.

खालच्या वाडीचा झरा म्हणजे जांभ्या दगडाच्या फटीतून पडणारी मनगटाएवढी धार आणि पुढे दगडी डोण. बाया पाणी भरत होत्या. वरून हा जथा आलेला पाहून त्या बाजूला झाल्या. चंद्रीकाकी तेवढी हलली नाही. वाडीत तिच्याआधी झऱ्यावर येणारं कोणी नव्हतं, आणि तिला उठवणारंही कोणी नव्हतं.

"काय गो बाय, काय हरवला तुझा?"

शाल्मलीने सांगितलं. चंद्रीकाकी ऐकत राहिली आणि मग तिने कमरेवर हात ठेवले.

"ह्या आमका म्हायत होता. वरून बुवा पाय धुतत, खाली आमी पितो. ह्येच्यात रंग कित्याक होयो?"

"खात्री करायला, काकी. आणि काय गं, तुम्ही पाणी उकळून पिता ना?"

चंद्रीकाकी तिच्याकडे अशी बघत राहिली, की जणू शाल्मलीने देवाला साबण लावायला सांगितलं.

"तीर्थ कोण उकळता?"

सगळ्या बाया हसल्या. शाल्मलीही हसली.

"आमका काय होणा नाय," काकी पुढे म्हणाली. "मार्गशीर्षात उत्सव झालो की पोरां चार दीस पोट धरून पडतत, तितक्याच. लाडू काय कमी खातत? बुंदी दिसली की सोडूक नको."

पुन्हा हशा झाला. शाल्मलीने फटीत पुरचुंडी बांधली, हात धुतले, आणि डोणीच्या काठावर बसली. वर मठात पंगत बसल्याची घंटा झाली. कोणी जेवायला उठलं नाही.

गावकर धारेकडे असे टक लावून बसले होते, की ती भिऊन हिरवी व्हावी.

"गावकरकाका, असं लगेच नसतं," शाल्मली म्हणाली. "पाणी दगडातून…"

ती थांबली.

धार तशीच होती. स्वच्छ. पण डोणीच्या तळाशी, जिथे काळा दगड दिसायचा, तिथे दगडावर काहीतरी पेरूच्या कोवळ्या पानासारखं तरळत होतं. भास असेल. तिने डोळे मिटले, उघडले. ओंजळ भरून उन्हात धरली.

ओंजळीत हिरवी झाक होती.

"काका…"

गावकर उठले. बाया उठल्या. धार बघता बघता रंग धरत गेली, आधी लाजत लाजत, मग धीटपणे, मग सगळी डोण पोपटी झाली आणि उन्हात लखलखायला लागली.

"रंग इलो!" गावकर ओरडले. त्यांचा आवाज फाटला. "इलो, इलो, मूळपुरुषांच्या वाटेन इलो!"

मग जे झालं ते सांगण्यापेक्षा बघायला हवं होतं. गुरवाने शंख फुंकला तो थांबवेचना. म्हाताऱ्यांनी चिखलात लोटांगण घातलं. बायांनी कळशा रिकाम्या करून पुन्हा भरल्या, पोपटी पाण्याने, आणि एकमेकींच्या डोळ्यांना लावल्या. गावकरांनी, जे मुलीच्या लग्नातसुद्धा हसले नव्हते असं त्यांची बायको सांगे, कोणाच्या तरी हातातले टाळ ओढून घेतले आणि नाचायला लागले.

आणि शाल्मली? तीही नाचत होती. तिला आपण रडतोय हे गालाला वारा लागला तेव्हा कळलं. डोंगराच्या पोटात नळ होता. पुस्तकात मुरायला महिने लिहिले होते आणि इथे पाणी धावत आलं होतं, वरची पंगत उठायच्या आत. सगळ्या तालुक्यात असं तिने पाहिलं नव्हतं. आणि आईच्या मांडीवर ऐकलेली ती काठीची गोष्ट, जी तिने सोडून दिली होती, ती तिच्या ओंजळीत परत आली होती. किती वर्षांनी तिचा मठ आणि तिची विद्या एकाच बाजूला उभे होते. तिला चंद्रीकाकीला मिठी मारावीशी वाटली, आणि तिने ती मारली.

"पी गो बाय," काकी म्हणाली आणि तांब्या पुढे केला.

"तुम्ही प्या, मी बुवांना नेते," शाल्मली म्हणाली.

तिने बाटली भरली आणि पायऱ्या चढायला लागली. धावतच. श्वास पुरेना तरी थांबवेना. मागून गावकर गुलाल शोधत येत होते.

बुवा कुंडापाशीच होते. ती समोर येऊन उभी राहिली. बोलता येईना, म्हणून तिने बाटली पुढे धरली.

बुवांनी ती उन्हात धरली. त्यांच्या सुरकुतलेल्या चेहऱ्यावर हिरवा उजेड पडला.

"आला?"

"आला, बुवा! पंगत उठायच्या आत. विश्वास बसणार नाही असा. गोष्ट खरी निघाली. तुमचं तीर्थ खरंच वाडीला पोचतं."

"पोचतं," बुवा म्हणाले. त्यांच्याही चेहऱ्यावर हसू होतं, लहान मुलाचं असतं तसं. ते बराच वेळ बाटलीकडे बघत राहिले.

मग त्यांनी विचारलं, "माझे पाय धुतलेलं पाणी किती वेळात पोचत असेल?"

"एवढ्याच वेळात."

"पंगतीची भांडी घासतो ते?"

"तेही… एवढ्याच वेळात."

"उत्सवात सड्यावर सगळी माणसं सकाळी उठून तांब्या घेऊन जातात, ते?"

शाल्मलीचा दम अजून बसला नव्हता. पण चेहरा उतरला होता. खाली शंख चालूच होता.

"म्हणजे ठिपका लाल," बुवा म्हणाले.

गावकर येऊन पोचले. त्यांनी शेवटचे शब्द ऐकले आणि गुलालाची पुडी हातातच राहिली.

"लाल? लाल कसो? रंग तर इलो."

"रंग आला म्हणूनच लाल, काका," शाल्मली हळूच म्हणाली.

"मगे भक्तनिवास?"

शाल्मलीने बुवांकडे बघितलं, मग ओटीशी टेकलेल्या कोनशिलेकडे. ज्या माणसाने तिला अ शिकवला, त्याची एकुलती इच्छा तिने स्वतःच्या हाताने, शंख फुंकून, नाचत नाचत मोडली होती.

ती घाईघाईने बोलायला लागली.

"नाही, असं लगेच लाल म्हणायलाच पाहिजे असं नाही. वाट या एका भोकापुरती असेल. बाकीचा सडा घट्ट असू शकतो. मी पिवळा लिहिते. मधला. पिवळ्याला अटी घालून परवानगी मिळते. भक्तनिवास होईल, बुवा. मी बघते बैठकीत. माझ्या शब्दाला तिथे वजन आहे."

गावकरांनी सुटकेचा श्वास सोडला. "बघा. पोर हुशार आसा."

बुवांनी मान डोलावली. त्यांनी वाद घातला नाही. ते नुसतं म्हणाले, "बरं. आणलंच आहेस तर तीर्थ घेतो."

त्यांनी बाटलीचं झाकण फिरवलं आणि बाटली ओठाशी नेली.

शाल्मलीने त्यांचं मनगट धरलं.

घट्ट धरलं. आयुष्यात तिने बुवांच्या पायांना हात लावला होता. हाताला कधीच नाही. पोपटी पाणी बाटलीतून उसळून दोघांच्या बोटांवर सांडलं.

"रंग विषारी आहे?" बुवांनी विचारलं.

"नाही."

"तूच म्हणालीस, पोटात गेला तरी काही होत नाही."

"रंगाने काही होत नाही, बुवा. पण… पाणी…" तिला चंद्रीकाकीची पोरं आठवली, आणि बुंदीवर झालेला तो हशा, ज्यात तीही होती. "उत्सवानंतर वाडीतली पोरं आजारी पडतात. दरवर्षी. ते लाडू नसतात. तुम्ही नका पिऊ. तुमचं वय झालंय. उकळल्याशिवाय नका."

"खाली पितायत का आता?"

"पितायत."

"सगळे?"

"सगळे."

"त्यांतल्या कोणाचा हात धरलास?"

शाल्मलीचा हात सुटला.

खाली भजन सुरू झालं होतं. पुन्हा वरच्या पट्टीत. वाऱ्यावर ते स्पष्ट ऐकू येत होतं. शाल्मलीला वाटलं, आत्ताच्या आत्ता धावत खाली जावं आणि सगळ्या कळशा उपड्या कराव्यात. आणि तिला हेही कळत होतं, की तसं केलं तर चंद्रीकाकी तिलाच उपडी करेल.

ती ओटीवर गेली. नकाशासमोर बसली. लाल पेन काढलं. मसुराच्या डाळीएवढी जागा ती, पण भरायला तिला वेळ लागला, कारण ओल्या बोटांवरचं पोपटी पाणी कागदावर पडू द्यायचं नव्हतं.

बुवा येऊन तिच्या मागे उभे राहिले. त्यांनी ठिपक्याकडे बघितलं. मग कोनशिलेपाशी गेले आणि तिच्यावरून हात फिरवला. त्यांना वाईट वाटलं, आणि ते त्यांनी लपवलं नाही.

"मला हे फार हवं होतं, गावकर," ते म्हणाले. "फार."

गावकरांनी गुलालाची पुडी खिशात घातली. भांडायला तोंड उघडलं आणि मिटलं. त्यांचे डोळे भरले होते.

"मी खाली जाते," शाल्मली उठत म्हणाली. "वाडीला सांगते. आजपासून पाणी उकळूनच प्यायचं. मठाचे संडास हलवेपर्यंत, भांडी दुसरीकडे घासेपर्यंत, तोवर तरी. त्यांना दुसरं पाणी मिळेपर्यंत मी तालुक्याला ठाण मांडून बसेन."

"ऐकतील?" बुवांनी विचारलं.

ती पायरीवर थांबली. कमरेवर हात ठेवलेली चंद्रीकाकी तिच्या डोळ्यांसमोर उभी राहिली.

"नाही," ती म्हणाली. "तुमच्या पायांचं तीर्थ झऱ्याला येतंय तोवर नाही ऐकणार. आणि आज तर मीच त्यांना ते खरं करून दाखवलंय."

बुवा वळून कुंडापाशी गेले. तिथे गुरुवारच्या पूजेचा पाट उभा करून ठेवलेला होता, वर्षानुवर्षं पाणी पिऊन काळा पडलेला. त्यांनी तो उचलला आणि खांद्यावर घेतला. पाट जड होता. गावकर पुढे धावले, पण बुवांनी तो त्यांच्या हातात दिला नाही. ते खाली जाणाऱ्या पायऱ्यांकडे चालायला लागले.

"बुवांनू," गावकर मागून म्हणाले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच भांडल्यासारखा नव्हता. "उद्या बिस्तवार, पूजेचो दीस. चार गावची माणसां येतली. तुमचे पाय मगे खंय धुवचे?"

बुवा पहिल्या पायरीवर थांबले.

"झऱ्याच्या खाली," ते म्हणाले. "वाडीचं पाणी भरून झाल्यावर."